कादंबरी सगळी नायकाच्या मनात घडते, मग तिचा सिनेमा कसा करायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो म्हणजे मधूनच वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्हाला एका मराठी कादंबरीवर फिल्म करायचीय. काळ १९३० नंतरचा, जागा नाशिक, पंचवटीतला एक वाडा. वाडा वकिलांचा, नायक त्यांचा मुलगा, आणि वरच्या खोलीत भाड्याने राहणारी एक तरुण विधवा, मुलींच्या शाळेत मास्तरीण. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे पण तोंडाने कोणीच बोलत नाही, आणि शेवटी ती खोली सोडून निघून जाते. अर्ध्याहून जास्त कादंबरी त्याच्या मनातच चालते. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: व्हॉइसओव्हर, म्हणजे पडद्यामागून निवेदनाचा आवाज, घेतला तर चालेल का, कमी पैशात जुनं नाशिक कसं उभं करायचं, आणि पैसे लावणारे काका म्हणतायत की लोकांना असा शेवट आवडत नाही तर तो बदलावा का.

मी नाशकातच राहतो, पटकथा लिहितो, आणि माझी बरीचशी कामं दुसऱ्याच्या कथा-कादंबऱ्यांवरूनच झालीयेत. त्यामुळे उत्तर देतो, पण काही गोष्टी तुमच्याकडच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत हे आधीच सांगतो. फिल्म अर्ध्या तासाची आहे की दोन तासांची, नट कोण मिळतायत, कादंबरीचे हक्क कोणाकडे आहेत, हे तुम्ही लिहिलेलं नाही. हक्कांचं शेवटाकडे लिहितो, ते टाळू नका.

आता मुद्द्याचं. तुमचे तिन्ही प्रश्न ठीक आहेत पण खरी अडचण त्यांच्या अलीकडे आहे असं मला वाटतं. ही दोघं एकमेकांना सांगत का नाहीत? हे एका वाक्यात लिहून दाखवता येतंय का बघा. आज थेटरात बसलेली पंचवीस वर्षांची मुलगी पहिल्या दहा मिनिटांत मनात म्हणणार की अरे सांगून टाक ना. कादंबरीत लेखक दोन पानं खर्च करून समजावतो की का सांगता येत नव्हतं, पडद्यावर ती दोन पानं नसतात. जुन्या काळातल्या प्रेमकथेत काळ म्हणजे पितळेची भांडी आणि कंदील नव्हे हो, काळ म्हणजे त्या दोघांना अडवणारी गोष्ट. ती सापडली की व्हॉइसओव्हर, लोकेशन, शेवट सगळ्याचे निर्णय तिच्यावरून घेता येतात.

आणि "समाज आडवा आला" हे उत्तर नाही, ते फार मोघम आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालचा. धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं ते १८९३ साली. म्हणजे तुमच्या कथेच्या वेळेला कायद्याने आडकाठी नव्हती आणि डोळ्यांसमोर उदाहरणंही होती. दोघांची जात वेगळी असेल तर अजून एक बघा, १८७२ च्या विवाह कायद्यात आपण कुठल्याच धर्माचे नाही असं लिहून द्यावं लागायचं, १९२३ च्या दुरुस्तीनंतर हिंदूंना आपसात लग्न करताना ते लिहून द्यायची गरज उरली नाही. मग अडतं कुठे? या एका वाड्यात, या एका घरात अडतं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरायचंय, वडिलांचे अशील जुन्या वळणाचे आहेत, आई सोवळ्यात आहे. आणि तिच्या बाजूने बघितलं तर शाळा आहे, बोभाटा झाला तर नोकरी जाईल आणि नोकरी गेली की खोलीही गेली. त्याच्या गप्प बसण्याला कादंबरी प्रेम म्हणते, पण तिचं गप्प बसणं पोटासाठी आहे. हा फरक कादंबरी नायकाच्या डोक्यातून सांगितल्यामुळे झाकला जातो, कॅमेरा मात्र दोघांनाही सारखाच बघतो. माझ्या दृष्टीने तुमच्या फिल्मचं सगळ्यात मोठं भांडवल हे आहे.

आता व्हॉइसओव्हर. "व्हॉइसओव्हर म्हणजे लेखकाची पळवाट" असं वर्कशॉपमध्ये शिकवतात, ते मला सरसकट पटत नाही. एकाच वर्षी, १९९३ साली आलेले दोन सिनेमे शेजारी ठेवून बघा, दोन्ही गाजलेल्या कादंबऱ्यांवरचे आणि दोन्हीत मनातलं न बोलणारी माणसं.

पहिला मार्टिन स्कॉर्सेसीचा 'द एज ऑफ इनोसन्स'. इडिथ व्हॉर्टनची कादंबरी १९२० ची, तिला १९२१ चं पुलित्झर मिळालं. गोष्ट १८७० च्या दशकातल्या न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांमधली. न्यूलँड आर्चरचं लग्न मे नावाच्या मुलीशी ठरलंय आणि तो तिच्या चुलतबहिणीच्या, नवऱ्याला सोडून आलेल्या एलनच्या प्रेमात पडतो. या सिनेमात निवेदन भरपूर आहे, पण ते नायकाच्या आवाजात नाही. जोअन वुडवर्ड या नटीचा आवाज आहे, शांत, थोडा वरच्या घरातला, सगळ्यांची खबर असलेला. कोणी कोणाला जेवायला बोलावलं, कोणी नाही बोलावलं, कुठलं भांडं बाहेर काढलं, हे तो आवाज सांगत राहतो. म्हणजे जो समाज त्या दोघांना अडवतोय त्याचाच तो आवाज आहे. शेवटाकडे एलनला निरोप देण्यासाठी आर्चरच्याच घरी मेजवानी होते आणि तेव्हा त्याच्या लक्षात येतं की टेबलाभोवतीचे सगळे त्या दोघांचं लफडं आहे असं धरून बसलेत आणि सगळ्यांनी मिळून अत्यंत सभ्यपणे तिला गावाबाहेर काढलंय. हे आपल्याला तोच आवाज सांगतो, त्याच शांतपणे. अंगावर काटा येतो.

दुसरा जेम्स आयव्हरीचा 'द रिमेन्स ऑफ द डे', काझुओ इशिगुरोच्या १९८९ च्या कादंबरीवरचा, पटकथा रूथ प्रावर झाबवाला यांची, ज्या बरीच वर्षं दिल्लीत राहिल्या होत्या. कादंबरी पूर्णपणे स्टीव्हन्स नावाच्या बटलरच्या तोंडून आहे, म्हणजे तुमच्यासारखीच अडचण. तो वाचकाशीही खरं बोलत नाही, स्वतःशीही नाही. झाबवालांनी त्याचं ते लांबलचक मनोगत सोडूनच दिलं. त्याच्याऐवजी एक सीन बघा. तो संध्याकाळी आपल्या खोलीत पुस्तक वाचतोय, त्याच घरात कामाला असलेली हाऊसकीपर मिस केंटन येते, काय वाचताय विचारते, तो दाखवत नाही, ती जवळ येत येत त्याच्या बोटांतून ते पुस्तक एकेक बोट सोडवत काढून घेते आणि ती एक साधी प्रेमकथा निघते. स्टीव्हन्स झालेला अँथनी हॉपकिन्स तेवढा वेळ नुसता तिच्याकडे बघतो, हात अर्धा उचललेला. पन्नास पानांचं मनोगत त्या अर्ध्या हातात आहे.

तर व्हॉइसओव्हर घ्यायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे: नायकाला देऊ नका. "तिला पाहिलं आणि माझ्या मनात कालवाकालव झाली" असं तो बोलला की नटाला करायला काही उरत नाही आणि वर तो जे गाभ्यात दाबून ठेवतोय तेच आपल्याला सहज मिळून जातं. आवाज द्यायचाच तर आळीला द्या. शेजारच्या वाड्यातली एखादी म्हातारी, जी सगळं बघते, दोघांचंही वाईट चिंतत नाही, आणि तिच्या प्रेमळ चौकशीनेच दोघांची वाट बंद होत जाते. "मास्तरीणबाईंच्या खोलीत आज उशिरापर्यंत दिवा होता हो" एवढं वाक्य पुरतं. असा आवाज सापडत नसेल तर व्हॉइसओव्हर सोडा आणि झाबवालांच्या रस्त्याने जा.

त्या रस्त्याने जायचं म्हणजे काय, ते तुमच्याच गोष्टीवर करून दाखवतो. तुम्ही लिहिलंय की कादंबरीत एका ठिकाणी ती जिन्यावरून उतरते आणि तो तीन पानं विचार करतो की हिला कुठल्या नावाने हाक मारू. हे शूट होत नाही. पण ती भाडेकरू आहे, म्हणजे महिन्याच्या महिन्याला भाडं देणार आणि कोणीतरी पावती लिहिणार. मुलाला लिहायला बसवा. ओसरीवर वडील तक्क्याला टेकून कागद बघतायत, मुलगा खाली बैठं डेस्क घेऊन, दौत आणि टाक. ती येते, पैसे हातात देत नाही, डेस्कच्या कडेला ठेवते आणि दोन पावलं मागे सरून उभी राहते. तो पावती लिहायला घेतो. त्या काळात विधवेच्या नावाआधी "गं. भा." लिहायची रीत. टाक कागदावर टेकतो आणि थांबतो. मग तो नुसतं तिचं नाव लिहितो. पावती सहीसाठी वडिलांकडे जाते. वडील वाचतात, काही बोलत नाहीत, रागावत तर अजिबात नाहीत, खिशातलं फाउंटन पेन काढून नावाच्या आधी बारीक अक्षरात "गं. भा." घालतात, सही करतात, टीपकागद दाबतात आणि पावती तिच्यासमोर ठेवतात. ती जिना चढते. वाड्याचा जिना म्हणजे अंधार, उंच पायऱ्या, धरायला दोरी. मधल्या पायरीवर थांबून वाचते. दोन अक्षरं, दोन शाया, एक काळी एक निळी. तिला सगळं कळलं, आपल्यालाही. एक संवाद नाही.

हा सीन कादंबरीत नाही म्हणून घाबरू नका. कादंबरीशी इमान म्हणजे तिच्यातले सीन जसेच्या तसे उचलणं नव्हे, त्या तीन पानांनी वाचकाला जिथे नेऊन सोडलं तिथेच प्रेक्षकाला नेणं. तुम्ही कादंबरी घेऊन बसा आणि मनातल्या प्रत्येक लांब परिच्छेदाशेजारी पेन्सिलने लिहा की इथे त्याला कोण किंवा काय अडवतंय. मग ते अडवणं कुठल्या वस्तूत, कुठल्या जागेत, कोणाच्या रोजच्या कामात दिसेल ते शोधा. पात्रं कमी करायला पण हीच कसोटी. 'रिमेन्स'मध्ये कादंबरीतला अमेरिकन राजकारणी आणि नंतर हवेली विकत घेणारा वेगळा अमेरिकन मालक हे दोघं सिनेमात एकच केलेत, आणि कोणाला खटकत नाही कारण दोघांचं गोष्टीतलं काम एकमेकाला पूरक होतं. तुमच्याकडे मामा, काका, कारकून असे चार जण असतील तर अडवायचं काम ज्याच्याकडे आहे तो ठेवा, बाकीच्यांना नमस्कार.

आता जुनं नाशिक. इथे मला एक गोष्ट जरा जोर देऊन सांगायचीय. १९३० नंतरची पंचवटी दाखवताय ना, मग २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढची काही वर्षं चालला हे तुम्हाला बाजूला ठेवता येणार नाही. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली हजारो माणसं मंदिरप्रवेशासाठी उभी राहिली, दरवाजे बंद केले गेले, गावात पोलीस. वकिलाच्या ओसरीवर त्याची चर्चा झाली नसेल हे शक्यच नाही. कादंबरीत तो विषय नसेलही, पण वाचताना मनातलं नाशिक चालून जातं, पडद्यावर त्याच गल्ल्या दाखवून ते गाळलं तर ती लपवाछपवी होते. मोठी गर्दी उभी करायला तुमच्याकडे पैसे नाहीत, आणि गरजही नाही. आईचं रोजचं दर्शन बंद पडलंय म्हणून ती ओसरीवर चिडून बोलतेय, वडील कायद्याची भाषा बोलतायत, आणि जिन्यात उभी असलेली मास्तरीण ते ऐकतेय, जिला स्वतःला मंगळकार्यात पुढे यायची मुभा नाही. ती तिथे बोलते की नाही, बोलली तर काय, हा तुमचा निर्णय. फक्त त्या लढ्याचा वापर या दोघांच्या प्रेमाला पार्श्वभूमी म्हणून शोभेला करू नका. घ्यायचा तर या घराला प्रश्न विचारायला घ्या.

लोकेशनचं म्हणाल तर घाटाच्या वाइड शॉटच्या नादी लागू नका. रामकुंडाकडे कॅमेरा कुठेही फिरवला तरी काँक्रीट, वायरी, फ्लेक्स आणि पार्किंग येतं आणि ते नंतर पुसायला जो खर्च येतो त्यात तुमचं अख्खं शेड्युल निघेल. चांदवडचा रंगमहाल सुंदर आहे पण ते होळकरांचं वैभव, आपलं घर वकिलाचं आहे, तिथे शूट केलं तर भाड्याची पावती खोटी वाटायला लागेल. तुम्हाला तीनच जागा नीट हव्यात: ओसरी, जिना आणि तिच्या खोलीची खिडकी. जुन्या नाशकात असे वाडे अजून आहेत, पण दर पावसाळ्याआधी धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात हे तुम्हालाही माहीत आहे, तेव्हा रेकीला, म्हणजे जागा पाहायला, जाताना सुताराला किंवा इंजिनिअरला बरोबर घ्या. वरच्या लाकडी तक्तपोशीवर पंधरा-वीस माणसं, लाइट आणि ट्रॉली चढवण्याआधी ती पेलेल का हे विचारायलाच हवं. आवाजाचं पण रेकीतच ठरवा, नुसतं बघून येऊ नका, तिथे अर्धा तास गप्प बसून ऐका. रिक्षा, भोंगे, शेजारचा टीव्ही. सिंक साउंड, म्हणजे शूटिंगच्या वेळीच रेकॉर्ड केलेला आवाज, हवा असेल तर पहाटेचं शेड्युल, नाहीतर डबिंगचे पैसे आत्ताच बाजूला काढून ठेवा.

कपड्यांत एकच सांगतो. ड्रेपरीवाल्याकडची शिवलेली नऊवारी घेऊ नका. उभं असताना कळत नाही, पण बाई जमिनीवर बसली, जिना चढली की लगेच कळतं. खरं लुगडं नेसायला शिकवा आणि तालमी त्यातच करा, चालणं आपोआप बदलतं. आणि तिच्या वेषाचा निर्णय आर्ट डिपार्टमेंटवर सोडू नका. केस काढलेली, आलवण नेसलेली विधवा आणि केस राखून साधं पांढरं लुगडं नेसणारी, शाळेत शिकवणारी विधवा, या दोन वेगळ्या घरांतून आलेल्या दोन वेगळ्या बायका आहेत. ती कुठली, हे पटकथेतच ठरलं पाहिजे.

हक्कांचं. लेखक हयात नसतील तर आपल्याकडे कॉपीराइट मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, आणि तोवर वारसांची लेखी परवानगी लागते. प्रकाशकाने हो म्हटलं म्हणजे झालं असं समजू नका, चित्रपटाचे हक्क प्रकाशकाकडे असतीलच असं नाही, लेखकाशी झालेला जुना करार बघायला मागा. करारात मुदत लिहिली नाही तर कायद्याने पाचच वर्षं धरली जातात, आणि वेगळं काही लिहिलेलं नसेल तर हक्क घेऊन वर्षभरात वापरला नाही तरी तो सुटतो. तुमच्यासारख्या, पैसे जमवत जमवत फिल्म करणाऱ्याला वर्ष म्हणजे काहीच नाही, तेव्हा या दोन्ही ओळी करारात वकिलाकडून स्पष्ट लिहून घ्या. सीन बदलायची, पात्रं एकत्र करायची मुभाही त्यातच.

इथवरचं थोडक्यात: अडवणारी गोष्ट एका वाक्यात पक्की करा, आवाज दिला तर आळीला द्या, आणि पैसे गावावर न घालवता ओसरी-जिना-खिडकीवर घाला.

राहिला शेवट. मी बदलणार नाही, पण जसा आहे तसाही ठेवणार नाही. 'एज ऑफ इनोसन्स'मध्ये एक जागा आहे. एलन लांब धक्क्यावर पाठमोरी उभी असते, समोरून एक शिडाचं जहाज चाललंय, आणि आर्चर ठरवतो की जहाज दीपस्तंभ ओलांडायच्या आत ती वळली तर मी जाईन. ती वळत नाही. बऱ्याच वर्षांनी पॅरिसमध्ये तिच्या घराखाली तो बाकावर बसलाय, मुलगा वर गेलाय, खिडकीवर ऊन चमकतं आणि त्याच्या मनात ती धक्क्यावरची एलन आता वळून त्याच्याकडे बघते. मग तो उठून निघून जातो. कादंबरीतही तो वर जात नाही, पण हे वळणं सिनेमाने दिलंय. शेवट तोच राहिला आणि तरी प्रेक्षकाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नाही.

तुमच्या कादंबरीत ती "निघून जाते" एवढंच आहे कारण गोष्ट त्याच्या डोक्यातून सांगितलीय आणि त्याला कारण माहीतच नाही. पडद्यावर तिला जाताना आपण बघणार आहोत, तर तिचं जाणं हा तिचा निर्णय झाला पाहिजे. दुसऱ्या गावच्या शाळेत जागा मिळाली असेल, किंवा इथे राहिलं तर जन्मभर त्या पावतीवरचं नाव बनून राहावं लागेल हे तिने ओळखलं असेल. दुःखाचा शेवट लोकांना चालत नाही असा माझा अनुभव नाही. कोणीच काही न ठरवता गोष्ट संपली की मात्र लोक वैतागतात, काकांना बहुतेक तेच जाणवलंय आणि ते बरोबर बोलतायत.

पुढचा ड्राफ्ट झाला की काकांना वाचायला देऊ नका, समोर बसवून पहिल्या सीनपासून एका बैठकीत वाचून दाखवा. ती सामान बांधते तिथे आले की थांबा आणि ते काय म्हणतात ते ऐका. "अरे मग हा बोलत का नाही" असं म्हणाले तर अडवणारी गोष्ट अजून कच्ची आहे, मागे जाऊन ओसरीचे सीन पुन्हा लिहा. आणि "आता ही राहणार कुठे" असं विचारलं तर शेवटाला हात लावू नका, शूटिंगच्या तारखा काढा.